पावती, परवाना आणि कुर्डुवाडीचे हमाल

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीची गेल्या महिन्यातली बैठक अडीच तास चालली आणि विषय एकच होता: पुस्तकांच्या नोंदींसाठी नवे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे. कोषाध्यक्षांनी एका कंपनीचे कोटेशन आणले होते. त्यात पहिल्या वर्षाची किंमत आणि पुढची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे शुल्क, स्वच्छ मांडलेली होती. पुण्याला नोकरी करून घरून काम करण्यासाठी गावी परतलेल्या एका तरुण सभासदाने ‘कोहा’ या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरला. तिसऱ्याने शेजारच्या तालुक्यातील वाचनालयात चालणारा एक मोफत प्रोग्रॅम सुचवला, पेन ड्राइव्हवर आणूनही ठेवला. अर्ध्या तासात चर्चा सॉफ्टवेअरवरून माणसांच्या स्वभावावर घसरली. एका बाजूने ‘फुकट ते पौष्टिक’ हे ऐकवले गेले, दुसऱ्या बाजूने ‘पैसे मोजल्याशिवाय दारात कोणी येत नाही’ हे. शेवटी कोणीतरी स्वदेशीचा मुद्दा काढला आणि चहा आला.

हा वाद आमच्याच बैठकीत असा भरकटतो असे नाही. सरकारी कार्यालयांत, शाळांत, छोट्या प्रकाशनसंस्थांत तो जिथे जिथे ऐकला तिथे तो घेण्याच्या क्षणाभोवती फिरतो: आज किती पैसे जातील, आज कोण शिकवील, आज काय सोपे वाटते. माझे म्हणणे असे की हा प्रश्न आत जाण्याच्या दारापाशी विचारायचाच नाही, बाहेर पडण्याच्या दारापाशी विचारायचा. हे सॉफ्टवेअर ज्या दिवशी बंद पडेल, परवडेनासे होईल किंवा आपल्यालाच नको होईल, त्या दिवशी आपण त्यात लिहिलेले आपल्या हाती जसेच्या तसे उरेल काय? सार्वजनिक संस्थेपुरते माझे उत्तर ठाम आहे. नोंदी खुल्या, म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपातच असाव्यात, त्याला अपवाद नसावा. त्या सांभाळणारे सॉफ्टवेअर शक्यतो मुक्त असावे आणि त्याच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात खरी रक्कम धरावी. निव्वळ मोफत सॉफ्टवेअरच्या हवाली कायमच्या नोंदी कधीच करू नयेत. आणि विकतचे सॉफ्टवेअर जिथे खरोखर सरस आहे तिथे ते निःसंकोच विकत घ्यावे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात किंमत नसणे आणि बंधन नसणे हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे, १९८३ मध्ये ग्नू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना पुढची कित्येक वर्षे आपण पैशांविषयी बोलत नाही, स्वातंत्र्याविषयी बोलतो आहोत, हे समजावत बसावे लागले. मराठीला ही अडचण नाही. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द आपल्याकडे आयते आहेत. तरीही आपण ते एकमेकांच्या जागी खुशाल वापरतो, याला काय म्हणावे? फ्रीवेअर मोफत असते, मुक्त नसते: त्याची मूळ संहिता (सोर्स कोड) मालकाकडेच राहते आणि तो उद्या ते मागे घेऊ शकतो. ओपन सोर्स मुक्त असते, म्हणजे त्याची संहिता कोणालाही पाहता आणि बदलता येते. ते मोफत मिळेलच असे नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या सेवेवर उभी राहिलेली रेड हॅट ही कंपनी २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली, तेव्हा ‘त्यात पैसा नाही’ हा समज टिकणारा नाही. आणि विकतचे सॉफ्टवेअर विकत घेतले म्हणजे ते आपले झाले, हाही गैरसमजच. आपण घेतो तो वापरण्याचा हक्क, तोही मालकाने घातलेल्या अटींवर. अडोबीने २०१३ मध्ये आपल्या क्रिएटिव्ह संचाची पेटी-विक्री थांबवून पुढच्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक मुद्रकांना हा फरक पहिल्यांदा खिशातून कळला.

आता आमची स्वतःची गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी वाचनालयाने नोंदींसाठी एक विकतचा मराठी प्रोग्रॅम घेतला होता. त्याच्यासोबत अंगठ्याएवढे एक डोंगल आले होते. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. एका कर्मचाऱ्याने दोन वर्षे खपून तीसेक हजार पुस्तके त्यात चढवली. प्रोग्रॅम उत्तम चालत होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विकणारा माणूसही सज्जन होता, हाक मारली की यायचा. मग एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि संगणक जळाला. नवा आणला तर त्याला तसले पोर्टच नव्हते. विकणाऱ्याचा व्यवसाय तोवर बंद झालेला. सुदैवाने फाइलींची प्रत सीडीवर होती, म्हणून आम्ही ती मोठ्या आशेने उघडली. जिथे पुस्तकांची आणि लेखकांची नावे असायला हवीत तिथे इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि मधूनच डॉलरची खूण. जुना फॉन्ट शोधून घातला तेव्हा थोडे उलगडले, पण रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले आणि निम्मी जोडाक्षरे फुटली. ग्रंथपाल बाई काही न बोलता कपाटाकडे गेल्या आणि लाल कापडी पुठ्ठ्याची दाखल नोंदवही घेऊन आल्या. १९५८ सालच्या कारकुनाने निळ्या शाईत लिहिलेली पहिली नोंद आमच्यापैकी प्रत्येकाला वाचता आली.

यात दोष विकतपणाचा होता का? मला तसे वाटत नाही, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कट्टर भक्तांनी ही गोष्ट आपल्या बाजूने वापरण्यापूर्वी थोडे थांबावे. देवनागरी अक्षरे संगणकात साठवण्यासाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये आलेले होते आणि जगातल्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या सामायिक मानकाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. पण विंडोजला युनिकोड देवनागरी नीट जोडून दाखवता येऊ लागली ती विंडोज २००० पासून, आणि मराठी मुद्रणालयांचा जीव की प्राण असलेल्या पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅमला २००१च्या त्याच्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत ते जमले नाही. मग मधल्या काळात मराठी छापायचे कसे? भारतीय कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून वाट काढली. त्या वाटेवरून मराठी वर्तमानपत्रे, दिवाळी अंक आणि पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे चालली. ते श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. अडचण पुढची आहे. प्रत्येक कंपनीने तुकड्यांची मांडणी आपापली ठेवली, ती जुळू नये यातच तिचा धंदा होता, आणि त्या मांडणीत आपली भाषा कोंडली गेली.

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीच्या जुन्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली ती अडीच फुटी रुळांवर. स्वस्तात बांधलेली, वजन उत्तम पेलणारी, जगभरच्या अभियंत्यांनी वाखाणलेली अशी ती रेल्वे होती आणि मराठवाड्यात लातूरपर्यंत रूळ नेण्याचे काम तिने केले. परंतु कुर्डुवाडीला साडेपाच फुटी मुख्य मार्ग होता, आणि त्या दोहोंच्या मध्ये फलाटावर मालाचे पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवणारे हमाल होते. बांधताना वाचलेला पैसा खरा होता. तो पुढे त्या फलाटावर थोडा थोडा करून, कोणाच्याही हिशेबात न दिसता, पिढ्यान्‌पिढ्या खर्च होत राहिला. सरकारने ती रेल्वे १९५४ मध्ये विकत घेतली आणि रूळ रुंद व्हायला त्यानंतरही अर्धशतक गेले. सॉफ्टवेअरची किंमत ठरवताना आपण रूळ टाकण्याचा खर्च मोजतो. हमाली कोण मोजतो? आमच्या तीस हजार नोंदींची हमाली आज ग्रंथपाल बाईंच्या माथी आली आहे.

म्हणूनच कोहाची जन्मकथा मला बोधक वाटते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या छोट्याशा ग्रंथालय न्यासाचे जुने सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच कोलमडणार, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. बाजारातली महागडी प्रणाली घेण्याऐवजी न्यासाने एका स्थानिक कंपनीला पैसे देऊन नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २०००च्या पहिल्या आठवड्यात ती चालू केली आणि मुक्त परवान्याखाली जगापुढे ठेवली. ‘कोहा’ हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, पण परतफेडीची अपेक्षा गृहीत धरणारी भेट, आपल्याकडच्या आहेरासारखी. ते फुकट बनलेले नव्हते, पैसे देऊन बनवलेले होते. फरक एवढाच की एकाने दिलेल्या पैशाचे फळ कुंपणाबाहेर ठेवले गेले. त्यातल्या नोंदी ज्या मार्क नावाच्या स्वरूपात राहतात ते अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात १९६०च्या दशकात घडले आणि जगभरची ग्रंथालये ते वाचतात. आमच्या सीडीपेक्षा ते वयाने बरेच मोठे आहे आणि अजून वाचता येते.

विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा माणसांचा आहे, आणि तो मी कमी लेखत नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये पालिकेचे संगणक विंडोजवरून लिनक्स या मुक्त प्रणालीवर नेण्याचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, बाहेरून येणाऱ्या दस्तऐवजांची मांडणी विसकटत होती, आणि नवे महापौरच या बदलाचे टीकाकार होते. एवढ्या श्रीमंत शहराला जे झेपले नाही ते आपल्या पंचायत समितीला झेपेल का, असा सवाल यावरून केला जातो. सवाल रास्त आहे. परंतु त्याच उदाहरणातल्या दोन गोष्टी सांगितल्या जात नाहीत. दस्तऐवज विसकटत होते ते दुसऱ्या टोकाला बंद स्वरूप वापरले जात होते म्हणून. म्हणजे म्युनिकचे दुखणे कुर्डुवाडीचेच होते. आणि म्युनिकला परत फिरता आले, कारण त्यांचे स्वतःचे कागद खुल्या स्वरूपात होते. बंद व्यवस्थेतून इतक्या बिनबोभाट कोणी बाहेर पडल्याचे उदाहरण शोधावे लागेल. २०२० मध्ये पालिकेतील नव्या सत्ताधारी आघाडीने शक्य तिथे मुक्त सॉफ्टवेअरलाच पुन्हा प्राधान्य देण्याचे ठरवले, हाही त्या कथेचा न सांगितला जाणारा पुढचा भाग. आपल्याच देशात केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर चालल्या आहेत. तिथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची कायमची यंत्रणा उभी केली गेली आणि मल्याळम टंकांचे (फॉन्टचे) काम करणारे स्वयंसेवक आधीपासून होते. जे म्युनिकला जड गेले ते केरळला जमले, याचे कारण सॉफ्टवेअरमध्ये शोधून सापडणार नाही.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. आमचे कोषाध्यक्ष म्हणाले, “उद्या बिघडले तर कोणाचा कान धरायचा?” विकतच्या सॉफ्टवेअरची पावती असते आणि पावतीवर पत्ता असतो, हे खरे. पण त्या पावतीमागचा करार कोणी वाचतो का? बहुतेक करारांत नुकसानभरपाईची मर्यादा आपण भरलेल्या रकमेपुरती आखून ठेवलेली असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या नामांकित विकतच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी कान धरायला मालक होता, पत्ता होता, करारही होता. प्रवासी मात्र रांगेतच उभे होते. असे असले तरी शनिवारी संध्याकाळी स्कूटरवर येऊन बिघाड काढून देणाऱ्या स्थानिक माणसाचे मोल मी जाणतो. गावात ते मोल कंपनीच्या नावापेक्षा मोठे असते. प्रश्न इतकाच की तो माणूस मुक्त सॉफ्टवेअरसाठी पैसे देऊन मिळत नाही का? मिळतो, आणि तो नकोसा झाला तर नोंदवही न बदलता माणूस बदलता येतो. विकतच्या बंद व्यवस्थेत माणूस, प्रोग्रॅम आणि नोंदी ही एकच मोळी असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. संहिता सर्वांना दिसते म्हणजे ती कोणीतरी पाहत असेलच, असे नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही त्रुटी उघडकीस आली तेव्हा निम्मे इंटरनेट आपल्या सुरक्षिततेसाठी ज्या ओपनएसएसएल या मुक्त संहितेवर विसंबून होते त्याला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या. बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना लिहिलेल्या खुल्या पत्रात हाच सवाल केला होता की असे काम विनामोबदला करणे कोणाला परवडणार. पत्रामागचा हेतू धंद्याचा होता हे मान्य केले, तरी सवाल खोटा ठरत नाही. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड नावाच्या छोट्या उपयोगी प्रणालीत कोणीतरी दोनेक वर्षे सभ्य मदतनीस म्हणून वावरून चोरवाट घुसवल्याचे आढळले. थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास त्याने संपादन केला होता. चोरवाट सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनसाठी अर्धा सेकंद जास्त का लागतो, ही शंका आली म्हणून. तो पगारी नोकर मायक्रोसॉफ्टचा. संहिता खुली होती म्हणून त्याला मागोवा घेता आला, हे खरे. त्याच्या चौकस तासाचा पगार एक व्यापारी कंपनी देत होती, हेही तितकेच खरे. दोन्ही पक्षांना या घटनेतले आपापले निम्मे आवडते.

खुलेपणाच्या अपुरेपणाचा याहून जुना दाखला आपल्या घरात आहे. मोडी लिपी कोणाच्या मालकीची नव्हती. तिचा परवाना लागत नव्हता, तिची मांडणी कोणी लपवली नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांत शिकवली जाई. तरीही पुण्याच्या पुरालेखागारातील कोट्यवधी कागद आज बहुतेक मराठी माणसांना माझ्या त्या सीडीइतकेच अपरिचित आहेत. छपाईला बाळबोध (देवनागरी) सोयीची पडली, शिकवणारे थांबले, शिकणारे थांबले आणि कुलूप नसलेले दार आपोआप मिटले. तेव्हा ‘संहिता उपलब्ध आहे’ एवढ्यावर निश्चिंत होणाऱ्यांना मी मोडीची आठवण करून देईन. मात्र तुलना इथेच सोडून चालणार नाही. मोडी आजही सहा महिन्यांच्या अभ्यासाने शिकता येते, वर्ग भरतात, २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दुर्लक्षित खुली लिपी पुन्हा उघडता येते. मालकासह नाहीशा झालेल्या बंद फाइलीसाठी वर्ग कोण भरवणार?

म्हणून माझा आग्रह असा की मुक्त सॉफ्टवेअर घेणाऱ्या संस्थेने वाचलेला पैसा वाचला असे समजू नये. विकतच्या सॉफ्टवेअरला जी एएमसी दिली असती तेवढी रक्कम दरवर्षी बाजूला काढावी: थोडी स्थानिक देखभालीला, थोडी कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाला, आणि थोडी, कितीही लहान असो, त्या प्रकल्पाच्या मूळ सांभाळकर्त्यांना. आहेराची परतफेड म्हणा हवे तर. हे न करता जे मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करतात ते प्रत्यक्षात फुकटेपणाचा पुरस्कार करत असतात, आणि आमच्या बैठकीतला तरुणही क्षणभर तिकडे झुकला होता.

या खर्चाच्या बदल्यात काय मिळते याचे एक उदाहरण रोज आपल्या डोळ्यांसमोर असते. अँड्रॉइड फोनवर, क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ‘क्षत्रिय’ हा शब्द नीट जुळून दिसतो तो हार्फबझ नावाच्या मुक्त संहितेमुळे. देवनागरीची वेलांटी कुठे सरकवायची आणि रफार कोणाच्या डोक्यावर ठेवायचा, हे ती ठरवते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ न दिसता हिंदी वळणाचे दिसतात, ही आपली जुनी तक्रार आहे. मुक्त परवान्याच्या टंकात ते वळण बदलण्याचा अधिकार कोणालाही आहे; बंद टंकात तेच करणे बहुतेकदा परवान्याचा भंग ठरते, मग तुम्ही त्यासाठी कितीही पैसे मोजलेले असोत. आपल्या भाषेची अक्षरे आपल्याला दुरुस्त करता यावीत, ही मागणी मला तरी भाबडी वाटत नाही.

फ्रीवेअरविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिथे वादच कमी आहे. धोका मात्र सर्वाधिक. विकत घेणाऱ्याला करार दाखवता येतो, मुक्त वापरणाऱ्याला परवाना. फ्रीवेअर वापरणाऱ्यापाशी दात्याची मर्जी तेवढी असते. गूगलने विंडोजवर मराठी टंकलेखनासाठी दिलेले इनपुट टूल्स हजारो मराठी हातांना सवयीचे झाले होते. ते कंपनीने आपल्या पानावरून काढून घेतल्यावर त्याची जुनी सेटअप फाइल कार्यालयाकार्यालयांतून पेन ड्राइव्हवर प्रसादासारखी वाटली जात होती, आणि त्या प्रसादात आणखी काय मिसळलेले आहे हे पाहण्याची सोय नव्हती. फोटो पाहण्याचे गूगलचे पिकासाही असेच २०१६ मध्ये थांबवले गेले. घरगुती फोटो पाहण्यासाठी फ्रीवेअर जरूर वापरावे. गावाच्या नोंदी त्यावर ठेवू नयेत.

स्वदेशीच्या मुद्द्याला अलीकडे धार आली आहे, त्याला कारणही तसेच आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने रोखल्या. पैसे भरलेल्या ग्राहकाला स्वतःच्याच ईमेलसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. दोनच महिन्यांनी केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोकडे वळत असल्याचे जाहीर केले आणि ‘स्वदेशी वापरा’ ही हाक घुमू लागली. झोहो ही भारतीय कंपनी आहे, तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण बंद सॉफ्टवेअर चेन्नईचे असले म्हणून त्याचे दार आपोआप उघडे होते का? आमचे डोंगल शंभर टक्के स्वदेशी होते. भारत सरकारने खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्ये स्वीकारलेले आहे. मालक कोणत्या देशाचा याऐवजी मालक बदलता येतो का, हा त्या धोरणांचा खरा प्रश्न आहे, आणि स्वदेशीच्या घोषणेत तोच हरवतो.

एक पक्ष आपल्याकडे बैठकीत कधीच बोलत नाही, पण मतदानात तोच जिंकतो: चोरीचा. फ्लेक्सच्या दुकानांपासून शाळांच्या संगणककक्षांपर्यंत ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर इतके सर्रास चालत आले की विकत की मुक्त ही निवड करण्याची गरजच आपल्याला कधी भासली नाही. मोफत मिळालेल्या महागड्या सवयीमुळे मुक्त पर्याय शिकले गेले नाहीत आणि प्रामाणिक भारतीय उत्पादकालाही ग्राहक मिळाला नाही.

विकतचे घ्यावे कुठे, हेही सांगतो, नाहीतर मी ज्यांच्यावर टीका करतो त्यांच्याच पंगतीला बसेन. आमचे हिशेब टॅलीत आहेत आणि ते तिथेच राहावेत. सनदी लेखापालाला ते येते, गावातल्या तीन मुलांना येते, आणि वर्षअखेरीचा ताळेबंद कागदावर सही होऊन फायलीला लागतो. वाचनालयाची स्मरणिका मांडणारा कलाकार विकतचे इनडिझाइन वापरतो. त्याने स्क्रायबस हा मुक्त पर्याय वापरावा असा हट्ट धरून त्याच्या हातातली सफाई घालवण्यात अर्थ नाही, कारण तिथे काम छापील पानापाशी संपते. त्याच्याकडे आम्ही एकच अट घातली आहे की मजकूर युनिकोडमध्ये वेगळा परत द्यायचा. जिथे काम संपत नाही, पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते, तिथे मात्र हा उदारपणा परवडत नाही. जन्ममृत्यूच्या नोंदी, सात-बारा, ग्रंथालयाची तालिका ही त्या जातीची कामे आहेत.

बैठकीच्या शेवटी मी एक साधी परीक्षा सुचवली: प्रत्येक पर्यायात पन्नास पुस्तके चढवायची आणि त्या नोंदी दुसरीकडे वाचता येतील अशा फाइलीत परत मागायच्या. दोन आठवड्यांनी निकाल आले. विकतच्या प्रोग्रॅममधून पीडीएफ निघाली, आलेला प्रतिनिधी म्हणाला, “प्रिंट येते ना साहेब, अजून काय पाहिजे?” फ्रीवेअरमधून एक्सेलचा तक्ता आला, पण दाखल क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये गळाली होती. कोहातून फाइल बिनचूक आली. मात्र पन्नास पुस्तकांना ग्रंथपाल बाईंची अख्खी दुपार गेली आणि मार्कमध्ये शीर्षकाच्या रकान्याला २४५ का म्हणायचे, यावरून कोहाचा आग्रह धरणाऱ्या तरुणावर त्या चांगल्याच चिडल्या. त्याने रविवारी येऊन शिकवायचे कबूल केले आहे. ठराव अजून व्हायचा आहे, कारण कोषाध्यक्षांना देखभालीची तरतूद कोणत्या शीर्षाखाली दाखवायची ते ठरवता आलेले नाही. दरम्यान बाईंनी लाल नोंदवही समोर ठेवून पहिल्या पानापासून साध्या तक्त्यात युनिकोडमध्ये नोंदी उतरवायला घेतल्या आहेत, रोज पंचवीस. काल त्या १९६१ सालापर्यंत पोहोचल्या होत्या.